अभियंता ते प्रकल्प व्यवस्थापक : कारकीर्दविषयक सल्ल्याचा इतिहास

१. प्रस्तावना

समजा, आपण आठ-दहा वर्षे एका कामात मुरलेले आहात. पुलांचे आराखडे करता, यंत्रांच्या चाचण्या घेता किंवा सॉफ्टवेअर लिहिता. एके दिवशी वरिष्ठ बोलावून सांगतात की पुढच्या प्रकल्पाची जबाबदारी आता तुमच्याकडे. हुद्दा वाढणार, पगारही वाढणार. पण ज्या कामामुळे आपले नाव झाले ते काम यापुढे दुसरे कोणी तरी करणार. अशा वेळी सल्ला कोणाचा घ्यावा, आणि त्या व्यक्तीला नेमके काय विचारावे?

हा प्रश्न वैयक्तिक वाटतो, पण त्यालाही इतिहास आहे. ‘प्रकल्प व्यवस्थापक’ हे पद स्वतंत्रपणे ओळखले जाऊ लागून साठ-सत्तर वर्षेच झाली आहेत. त्यापूर्वीही धरणे, कालवे, लोहमार्ग उभे राहत होते; ती कामे चालवणारी माणसे होती आणि त्यांना शिकवणारीही कोणी होती. या घटकात आपण भारतातील काही उदाहरणांच्या आधारे दोन गोष्टी पाहणार आहोत : हा सल्ला कोणत्या मार्गांनी मिळत गेला, आणि मार्ग बदलले तरी त्यातला कोणता भाग तसाच राहिला.

२. ज्येष्ठतेची शिडी : सार्वजनिक बांधकाम खाते

१८४७ मध्ये रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. याच सुमारास, डलहौसीच्या काळात, सार्वजनिक बांधकाम खात्याची घडी बसली. या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या अभियंत्यांपुढे एक ठरलेली शिडी असे : सहायक अभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता आणि शेवटी मुख्य अभियंता.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच शिडीने वर गेले. पुण्यात शिकून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांची प्रसिद्ध कामगिरी. पुढे म्हैसूर संस्थानात ते १९०९ मध्ये मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण झाले. आराखडा करणारा अभियंता हळूहळू माणसे, पैसा आणि कागदपत्रे सांभाळणारा प्रशासक कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

या व्यवस्थेत वेगळा सल्ला मागण्याची वेळ सहसा येत नसे. शिडीची पुढची पायरी सर्वांना माहीत असे. वरचा अधिकारी काल आपल्याच जागी काम करत होता. त्याच्या हाताखाली दौरे करताना, मोजमाप-वह्या तपासताना, कंत्राटदाराशी बोलणी होताना नवा माणूस शिकत असे. काम बहुतांशी एकाच खात्याच्या आत चाले, त्यामुळे आज्ञा देण्याचा अधिकार आणि काम पुरे करण्याची जबाबदारी साधारणपणे एकाच हातात असे.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. ज्याच्या ओळखीचे कोणी वरच्या पायरीवर नाही, त्याला हे शिक्षण सहज मिळत नव्हते. स्त्री अभियंत्यांची स्थिती पाहिली की हे लगेच लक्षात येते. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता १९४३ मध्ये विद्युत अभियंता झाल्या. त्यांच्या बरोबरीच्या पी. के. त्रेसिया स्थापत्य शाखेच्या. त्या १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या, आणि देशात या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्यांच्या पुढे त्या वाटेने गेलेली एकही बाई नव्हती, त्यांनी आपल्या अडचणी कोणापाशी बोलाव्यात? ललिता १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंता व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या होत्या. वरून येणारा सल्ला अपुरा असेल तर बरोबरीच्या माणसांत तो शोधावा लागतो, हे या घटनेतून दिसते.

३. १९५० चे दशक : काम खात्याच्या भिंती ओलांडते

स्वातंत्र्यानंतर कामांचे आकारमान बदलले. भाक्रा धरणाची उंची सुमारे २२६ मीटर. इतके मोठे काँक्रीटचे काम येथे पूर्वी झाले नव्हते. त्यासाठी १९५२ मध्ये हार्वे स्लोकम या अमेरिकी बांधकामतज्ज्ञाला बोलावण्यात आले. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती; मजुरापासून सुरुवात करून अमेरिकेतील मोठ्या धरणांच्या बांधकामात ते वर चढले होते. पदवी आणि ज्येष्ठता यांवर उभ्या असलेल्या खात्यातील भारतीय अभियंत्यांना आता अशा माणसाबरोबर काम करायचे होते, ज्याचा अधिकार केवळ अनुभवातून आलेला होता. स्लोकम १९६१ मध्ये, काम पुरे होण्याआधी, भारतातच वारले. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंतप्रधान नेहरूंनी धरण राष्ट्राला अर्पण केले. कारागिरीसारखे, शेजारी उभे राहून शिकण्याचे हे फार मोठे उदाहरण म्हणता येईल.

याच दशकात अमेरिकेत प्रकल्पाचे स्वतंत्र शास्त्र आकार घेत होते. १९५७ मध्ये ड्यूपाँ ही रसायन कंपनी आणि रेमिंग्टन रँड ही संगणक कंपनी यांनी मिळून ‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत विकसित केली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात ‘पर्ट’ तयार झाले. दोन्ही पद्धतींचा गाभा एकच : कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याचे जाळे कागदावर मांडायचे आणि उशीर कुठे झाला तर सगळेच लांबेल ते शोधायचे.

१९५९ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात पॉल गॅडिस यांचा ‘प्रकल्प व्यवस्थापक’ याच विषयावरील लेख आला. वरचे व्यवस्थापन आणि तज्ज्ञ मंडळी यांच्या मध्ये उभा असलेला हा माणूस कोण, त्याच्या अंगी काय असावे, याची चर्चा त्यात आहे. या पदाविषयीचा छापील सल्ला येथून वाढत गेला, असे म्हणता येते.

येथे एक फरक नीट समजून घ्या. कामांचे परस्परावलंबन कागदावर मांडता येते. माणसांचे परस्परावलंबन तसे मांडता येत नाही. पोलारिसचा अभ्यास करणारे हार्वे सपोल्स्की यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की पर्टचा प्रत्यक्ष कामाला झालेला उपयोग त्याच्या कीर्तीच्या मानाने मर्यादित होता. बाहेरच्या लोकांचा विश्वास टिकवून प्रकल्पाला हस्तक्षेपापासून वाचवण्यात त्याचा वाटा मोठा होता. याचा अर्थ तंत्र निरुपयोगी असते असा नाही. तंत्र शिकले म्हणजे पद सांभाळता येईल ही समजूत मात्र अपुरी ठरते.

४. तिरुवनंतपुरम : एका सल्ल्याचे उदाहरण

आता या घटकातील मध्यवर्ती उदाहरणाकडे येऊ. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रम साराभाईंचे निधन झाले. १९७२ मध्ये सतीश धवन इस्रोचे अध्यक्ष झाले आणि तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची सूत्रे ब्रह्मप्रकाश यांच्याकडे आली. भारताचा पहिला उपग्रह प्रक्षेपक, एसएलव्ही-३, तयार करण्याच्या प्रकल्पाचे नेतृत्व ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना देण्यात आले. चार टप्प्यांचे, घन इंधनाचे, सुमारे २२ मीटर उंच आणि १७ टन वजनाचे हे वाहन. त्याने सुमारे ४० किलो वजन पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न्यायचे होते.

कलाम तेव्हा चाळिशीत होते. केंद्रात त्यांच्याइतकेच, काही बाबतींत अधिक अनुभवी लोक होते. घन इंधनाच्या क्षेत्रात पुण्याचे वसंत गोवारीकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. अशा माणसांतून आपलीच निवड का, आणि त्यांच्यापेक्षा आपण वेगळे काय करणार, ही शंका कलामांनी ब्रह्मप्रकाश यांच्यापुढे मांडली. ‘विंग्ज ऑफ फायर’ या १९९९ च्या आत्मचरित्रात, मराठीत ‘अग्निपंख’ या नावाने आलेल्या पुस्तकात, हा प्रसंग आहे.

ब्रह्मप्रकाश यांनी दिलेल्या सल्ल्याचा आशय आपण तीन भागांत पाहू.

पहिला भाग तुलनेविषयी होता. इतरांची बलस्थाने आणि आपली बलस्थाने यांची तुलना करत बसू नका; त्यांच्या क्षमता वाढतील असे काही करा. अभियंता असताना आपले मूल्य आपल्या हातच्या कामावरून ठरते. व्यवस्थापक झाल्यावर ते दुसऱ्यांच्या कामावरून ठरू लागते. संघातला सर्वांत हुशार माणूस आपण नसलो तरी चालेल, हे मान्य करणे ही पहिली पायरी.

दुसरा भाग प्रत्येक विभागाकडून करायच्या अपेक्षेविषयी होता. प्रत्येक विभागाकडून सर्वोत्तम कामगिरीच हवी असा आंधळा आग्रह धरू नका; एकूण काम खाली ओढणाऱ्या गोष्टींकडे लक्ष ठेवा. चांगल्या अभियंत्याला हे ऐकणे जड जाते, कारण त्याची सवय नेमकी उलटी असते. पण एक भाग उत्कृष्ट करण्यात सहा महिने गेले आणि त्यामुळे बाकीचे भाग थांबून राहिले, तर प्रकल्पाचे नुकसानच होते.

तिसरा भाग अवलंबनाविषयी होता. प्रत्येक जण आपापला तुकडा तयार करील. संपूर्ण वाहन उभे करताना आपण इतरांवर अवलंबून असू, हीच खरी अडचण असेल, आणि त्यासाठी फार मोठा संयम लागेल. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या शिडीशी याची तुलना करा. तेथे अधिकार आणि जबाबदारी बरोबर चालत होत्या. येथे जबाबदारी पूर्ण आहे, पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे ते बरेच जण दुसऱ्या विभागांचे आहेत.

या सल्ल्यात आलेख नाही, कोष्टक नाही. ब्रह्मप्रकाश मूळचे धातुशास्त्रज्ञ. अणुऊर्जा खात्यात काम करताना हैदराबादच्या अणुइंधन संकुलाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे प्रयोगशाळेतून मोठ्या प्रकल्पाकडे जाण्याची वाट त्यांनी स्वतः चाललेली होती. शिवाय ते कलामांना ओळखत होते आणि त्या केंद्रातील माणसांनाही ओळखत होते. सल्ल्याचे वजन या तीन गोष्टींतून येते : विषयाची जाण, माणसाची ओळख आणि जागेची ओळख.

५. अपयशाची जबाबदारी कोणाची?

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण व्यवस्थेत बिघाड झाला आणि वाहन बंगालच्या उपसागरात कोसळले. उड्डाणापूर्वी संगणकाने उलटगणना थांबवली होती, तज्ज्ञांशी बोलून पुढे जाण्याचा निर्णय आपण घेतला होता, असे कलाम पुढे व्याख्यानांतून सांगत. पत्रकारांसमोर मात्र धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थाप्रमुख म्हणून आपल्याकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. त्या दिवशी पत्रकारांशी बोलण्यासाठी धवन यांनी कलामांना पुढे केले.

नव्या व्यवस्थापकाच्या दृष्टीने हा प्रसंग शब्दांतल्या सल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे. अवघड जबाबदारी घेणाऱ्याच्या पाठीशी संस्था उभी राहते की नाही, यावर त्याचे पुढचे निर्णय ठरतात. पाठीशी कोणी नसेल तर माणूस निर्णय टाळू लागतो, प्रत्येक गोष्टीसाठी लेखी मंजुरी मागू लागतो, आणि काम रेंगाळते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक सावधगिरी बाळगा. ही हकिगत प्रामुख्याने कलामांच्याच कथनातून आपल्यापर्यंत आली आहे. आत्मचरित्र उड्डाणानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, यश मिळाल्यावर लिहिले गेले. यशस्वी माणसाला मिळालेला सल्ला लक्षात राहतो. तसाच सल्ला घेऊन अपयशी ठरलेल्यांची आत्मचरित्रे सहसा निघत नाहीत. म्हणून या प्रसंगाकडे यशाची हमी देणारे सूत्र म्हणून पाहू नये. या पदावरच्या अडचणीचे नेमके वर्णन म्हणून पाहावे.

अधिकाराच्या प्रश्नाला भारतात आणखी एका मार्गाने उत्तर शोधले गेले : प्रकल्पासाठी वेगळी कंपनीच काढणे. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांचे भांडवल होते. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. डिसेंबर १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झालेला पांबन पूल ४६ दिवसांत पुन्हा वाहतुकीस योग्य करण्याच्या कामामुळे ते आधीच ओळखले जात होते. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये संपूर्णपणे खुला झाला. पुढे दिल्ली मेट्रोसाठीही स्वतंत्र कंपनीचाच मार्ग निवडला गेला. यातून निघणारा मुद्दा असा : व्यवस्थापकाचे वैयक्तिक गुण आवश्यक असतात, पण त्याला दिलेली रचना कशी आहे यावरही बरेच अवलंबून असते.

६. छापील आणि प्रमाणित सल्ला

१९६३ मध्ये मुंबईत औद्योगिक अभियांत्रिकीचे राष्ट्रीय शिक्षण देणारी नीटी ही संस्था आणि १९८३ मध्ये बांधकाम व्यवस्थापनासाठी निकमार ही संस्था सुरू झाली. अमेरिकेत १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिची प्रमाणपत्र परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली आणि ‘पीएमबॉक’ मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. १९९० च्या दशकात भारतातील सॉफ्टवेअर उद्योग झपाट्याने वाढत असताना ही साधने हाताशी होती. कोणाची ओळख नसलेली इंदूर, कोइमतूर किंवा गुवाहाटीची व्यक्तीही आता पुस्तक आणि परीक्षेच्या आधारे या क्षेत्रात येऊ शकत होती. ज्येष्ठतेच्या शिडीवर ज्यांना जागा नव्हती त्यांच्यासाठी हा मोठा लाभ होता.

पण याच उद्योगात जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. अनेक कंपन्यांत ठरावीक वर्षांनंतर तांत्रिक कामात पुढची पायरीच नसे. पगारवाढ हवी तर व्यवस्थापक व्हावे लागे. या धोक्याविषयी फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आधीच लिहून ठेवले होते. आयबीएमच्या ३६० या संगणकमालिकेच्या कार्यप्रणालीचे काम त्यांनी चालवले होते. १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकातील त्यांचा एक निष्कर्ष सर्वांना माहीत आहे : रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो. त्याच पुस्तकातील दुसरी सूचना कमी सांगितली जाते. तांत्रिक आणि व्यवस्थापकीय अशा दोन समान मानाच्या शिड्या असाव्यात. तांत्रिक कामातून व्यवस्थापनात जाण्याला बढती म्हणू नये आणि त्याबरोबर पगारवाढ देऊ नये. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र ती द्यावी. कारण समाजाचा ओढा आधीच हुद्द्याकडे असतो, तो संस्थेने आणखी वाढवू नये.

२००१ मध्ये आलेल्या ‘अजाइल’ जाहीरनाम्यानंतर चित्र पुन्हा बदलले. स्क्रम या पद्धतीत तर ‘प्रकल्प व्यवस्थापक’ नावाची भूमिकाच नाही. तिची कामे संघात वाटली जातात. त्यामुळे आज या पदाकडे वळणाऱ्याने पदनामावर विसंबून चालत नाही. एकाच नावाखाली एका कंपनीत वेळापत्रक सांभाळण्याचे काम असते, दुसरीत ग्राहकाशी वाटाघाटी, तिसरीत पूर्ण खर्चाची जबाबदारी.

७. या इतिहासाचा आपल्याला उपयोग

सल्ला मिळण्याचे मार्ग बदलत गेले : आधी खात्यातील वरिष्ठ, मग शेजारी उभा असलेला अनुभवी माणूस, मग पुस्तक, परीक्षा आणि प्रमाणपत्र. यांपैकी शेवटचा मार्ग सर्वांना खुला आहे आणि तंत्रासाठी तो पुरेसा आहे. पण अवलंबन, संयम आणि पाठबळ यांविषयीचा सल्ला आपल्याला आणि आपल्या संस्थेला ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यावा लागतो. असा माणूस भेटला की ‘मी हे पद घेऊ का?’ असा मोघम प्रश्न विचारू नका. पुढील चार प्रश्न विचारा.

(अ) कोणते निर्णय माझे असतील? पैसा, माणसे आणि मुदत यांपैकी कशात मला बदल करता येईल?
(आ) माझ्या अधिकाराखाली नसलेल्या कोणकोणत्या लोकांवर हे काम अवलंबून आहे, आणि त्यांच्याशी माझे संबंध कसे आहेत?
(इ) काम फसले तर वरिष्ठ काय करतील? यापूर्वी फसले तेव्हा त्यांनी काय केले?
(ई) दोन वर्षांनी मला पुन्हा तांत्रिक कामाकडे यायचे असेल, तर वाट उघडी असेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वरिष्ठ स्वतः नीट देऊ शकत नाहीत. ते आधी त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांकडून मिळवावे लागते. चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर पद नाकारावेच असे नाही. पण आपण काय सोडत आहोत हे माहीत असताना होकार देणे आणि हुद्द्याकडे पाहून होकार देणे यांत फरक आहे. चांगला अभियंता गमावून नाराज व्यवस्थापक मिळाला, तर तोटा माणसाचाही होतो आणि संस्थेचाही.

८. सारांश

प्रकल्प व्यवस्थापन हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आले. जबाबदारी आणि अधिकार यांची ज्येष्ठतेच्या शिडीवर असलेली सांगड मोठ्या, अनेक विभागांत पसरलेल्या कामांमुळे सुटली. ब्रह्मप्रकाश यांनी कलामांना दिलेला सल्ला या सुटलेल्या सांगडीविषयीच होता. पुढे ज्ञान छापील आणि प्रमाणित झाले, त्यामुळे क्षेत्राचे दार अधिक लोकांना उघडले. पण विशिष्ट माणसाने विशिष्ट जागी काय करावे, हा भाग आजही अनुभवी माणसाशी बोलूनच समजतो.

९. स्वाध्याय

१. सार्वजनिक बांधकाम खात्याची शिडी आणि एसएलव्ही-३ प्रकल्प यांतील अधिकार व जबाबदारी यांच्या संबंधाची तुलना करा.
२. आत्मचरित्र हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्यावी? विभाग ५ मधील उदाहरणाच्या आधारे लिहा.
३. ब्रुक्स यांची दोन शिड्यांची सूचना आपल्या परिचयाच्या एखाद्या संस्थेत कितपत लागू आहे ते तपासा.
४. आपल्या ओळखीतील, तांत्रिक कामातून व्यवस्थापनाकडे वळलेल्या एका व्यक्तीला विभाग ७ मधील चार प्रश्न विचारा आणि उत्तरांवर एक टिपण तयार करा.